विमानाच्या पोटातल्या तारा

रुसैलच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची शेड होती. एका बाजूला बिस्किटांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या पाइपांचा. सकाळी बसमधून उतरलं की आधी गोड वास यायचा आणि थोडं पुढे गेलं की जळका. आमच्या शेडला स्वतःचा असा वास नव्हता. आत एसी, पांढऱ्या ट्यूबलाइट आणि लांबच लांब टेबलांवर प्लायवूडचे तक्ते. तक्त्यांवर खिळे ठोकून, त्या खिळ्यांच्या मधून विजेच्या तारा ओढून आम्ही जुडगे बांधायचो. कामावर त्यांना लूम म्हणत. प्रत्येक तारेच्या टोकाला पिन दाबून बसवायची, पिना प्लगमध्ये घालायच्या, मीटर लावून तार सलग आहे का बघायचं आणि मेणाच्या दोऱ्याने सगळं आवळून बांधायचं.

हे लूम एका विमानासाठी होते. जुनं प्रवासी विमान, कुठल्याशा एअरलाइनने बरीच वर्षं वापरून विकलेलं. त्याचं आता टँकर करायचं होतं, म्हणजे उडता उडता हवेतच लढाऊ विमानांना इंधन देणारं विमान. कोणत्या देशाच्या हवाई दलासाठी, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. गल्फमध्ये न विचारायची सवय लवकर लागते.

मी मूळची वसईची. लग्नाआधी अंधेरीच्या एका कारखान्यात हेच काम करायचे, पण दवाखान्यातल्या यंत्रांसाठी. नवरा मस्कतच्या एका हॉटेलात लाँड्रीला होता. तो सुपरवायझर झाला, फॅमिली व्हिसा मिळाला, तेव्हा मी मुलीला घेऊन मागून आले. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. दोन वर्षं घरी बसले. मग एका शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चबाहेर आमच्याच भागातल्या एका बाईने सांगितलं, "रुसैलला तारांचं काम येणाऱ्या बायका हव्यात. मुंबईला ज्यांनी केलंय त्यांना आधी घेतात." मी गेले. चीफ इंजिनियर इंग्लिश माणूस होता, उंच, उन्हाने मान लाल झालेला. त्याने माझ्यासमोर मोकळ्या तारांचा एक झुबका ठेवला आणि म्हणाला, "बांधून दाखव." मी बांधलं. त्याने चष्मा वर करून पाहिलं, दोन-तीन गाठी नखाने ओढून पाहिल्या, आणि म्हणाला, "शनिवारपासून ये."

शेडचे फोरमन रत्नागिरीकडचे मुसलमान गृहस्थ होते. पन्नाशी उलटलेले, दाढी पांढरी, आवाज बारीक. सगळे त्यांना भाई म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "गाव खंयचा?" मी वसई म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे समुद्र एकच की आपला." त्यानंतर आमचं बोलणं मराठीतच चाललं. शेडमध्ये इतर बायका मल्याळी आणि श्रीलंकेच्या होत्या, त्यांच्याशी हिंदी-इंग्रजीची खिचडी. घरी आमची वसईची बोली आणि मुलीचं इंग्रजी. मराठी अशी मला दिवसभरात भाईंच्या टेबलापाशीच मिळायची.

मुलीला मी कामाबद्दल सांगितलं तेव्हा तिने डोळे मोठे करून विचारलं, "ममी, तू एरोप्लेन बनवतो?" इंडियन स्कूलमध्ये तिची सगळी मराठी अशीच झाली होती. मी म्हटलं, "बनवत नाही गं. बनलेलं आहे, त्याला आत पेट्रोल पंप बसवतात." दुसऱ्या दिवशी तिने वर्गात सांगितलं की माझी आई आकाशात पेट्रोल पंप बसवते. टीचरने तिला खोटं बोलू नकोस म्हणून बाकावर उभं केलं. ती रडत घरी आली. नवऱ्याने शाळेत जाऊन सांगायचं ठरवलं, पण मी अडवलं. कंपनीने बाहेर फार बोलू नका असं बजावलं होतं.

पहिले सहा-आठ महिने मला काम आवडलं. ड्रॉइंग यायचं, त्याप्रमाणे आम्ही लूम बांधायचो, लाकडी खोक्यात ठेवून हँगरला पाठवायचो. हँगर म्हणजे विमान उभं करायची भलीमोठी शेड, सीबच्या बाजूला, विमानतळाच्या अगदी पल्याडच्या टोकाला. मग खोकी परत यायला लागली. कुठे तार हातभर आखूड, कुठे वीतभर लांब, कुठे प्लगच भलता. पहिल्यांदा वाटलं, आमच्याकडून चुकलं. भाईंनी प्रत्येक लूम ड्रॉइंगवर ठेवून मोजला. आमचं बरोबर होतं. ड्रॉइंगही चुकीचं नव्हतं, फक्त जुनं होतं. ते विमान कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हाचं होतं. त्यानंतर ज्या ज्या एअरलाइनने ते चालवलं, तिने आपल्या सोयीने आत बदल केले होते. कोणी स्वयंपाकघर पुढचं मागे नेलं, कोणी संडास हलवले, कोणी छतात नवे डबे बसवून त्यांच्या तारा वाट फुटेल तिकडून नेल्या. त्यातलं निम्मं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

चीफ एकदा शेडमध्ये आला, सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाला, "कागदावर विश्वास ठेवू नका. प्रत्यक्ष विमानात जाऊन मोजायचं." भाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बारीक होते आणि उंचीला कमी. माझं हँगरला जाणं असं सुरू झालं.

विमान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाईट वाटलं. ज्या जातीच्या विमानातून आम्ही मुंबईहून आलो होतो तसंच ते होतं, पण आत खुर्च्या नव्हत्या, गालिचा नव्हता, भिंतींची प्लास्टिकची आवरणं काढलेली. दोन्ही बाजूंना नुसत्या फासळ्या आणि त्यांच्यावरून लोंबणाऱ्या तारा. खालच्या सामानाच्या जागेत, जिथे लोकांच्या बॅगा ठेवतात, तिथे इंधनाच्या मोठ्या टाक्या बसवल्या होत्या. चीफने मला सगळं फिरून दाखवलं. मी एवढीशी बाई, तारा बांधणारी, पण त्याने कधी मला समजावायचा कंटाळा केला नाही. पंखांखाली एकेक पॉड लागणार होता, लांबट पिंपासारखा. त्याच्या आत रबरी नळी गुंडाळलेली. हवेत गेल्यावर ती नळी मागे सोडायची. तिच्या टोकाला टोपली, बॅडमिंटनच्या फुलासारखी. मागून येणारं लढाऊ विमान आपली चोच त्या टोपलीत घालणार आणि इंधन पिणार.

"सोपं वाटतं ना?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "नाही वाटत, सर."

तो हसला. "मला वाटलं होतं. मी इथे दीड वर्षासाठी आलो होतो."

मोजायचं काम टाक्यांच्या आणि विमानाच्या बाहेरच्या पत्र्याच्या मधल्या फटीत असायचं. तिथे आडवं होऊन सरकायचं, हातातली दोरी क्लिपांमधून पुढे न्यायची, मग दोरी काढून बाहेर टेपवर मोजायची. हँगरमध्ये एसी नव्हता, मोठे पंखे होते, आणि ते गरम हवाच इकडची तिकडे करायचे. रॉकेलचा वास आणि पत्र्याच्या सांध्यांना लावायच्या लेपाचा वास. एकदा उन्हाळ्यात मी बरीच आत गेले होते आणि ओव्हरऑलची बाही कशात तरी अडकली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. हात वर करून सोडवायला जागा नव्हती. टॉर्च निसटून खाली गेला. मी ओरडले नाही, पण माझा श्वास मलाच मोठ्याने ऐकू यायला लागला.

भाई बाहेर झाकणापाशी बसलेले असायचे. आत माणूस असताना एकाने बाहेर बसायचा नियम होता. ते म्हणाले, "भाभी, काय झाला?"

"अडकले."

"दुखतंय काय?"

"नाही. हलता येत नाही."

"मग नको हलू. पडून ऱ्हवा जराशी. आज काय केलंव घरी?"

मला राग आला. म्हटलं, "भाई, मी इथे मरतेय आणि तुम्ही जेवणाचं काय विचारता?"

"मरत नाय कोण. मी हाय हितं. सांगा, काय केलंव?"

मी सांगितलं, सुरमईचं कालवण. त्यांनी विचारलं, चिंच घातली की कोकम. मी चिंच म्हटलं. ते म्हणाले, कोकम घालायचं, मी गावाहून आणलेली कोकमं देईन. असं बोलता बोलता त्यांनी एका सडपातळ पोराला, श्रीलंकेच्या फिटरला, दुसऱ्या बाजूच्या झाकणातून आत पाठवलं होतं. त्याने माझी बाही कापून सोडवली. मी सरपटत बाहेर आले. भाईंनी पाणी दिलं आणि म्हणाले, "आज पुरे. उद्या बघू." दुसऱ्या दिवशी मी परत आत गेले. जायचं नाही असं काही मनात आलंच नाही. आता विचार केला की आश्चर्य वाटतं.

सगळे लूम नव्या मापाने बांधून बसवायला जवळजवळ वर्ष गेलं. मग जमिनीवरची चाचणी. त्या दिवशी आम्हा शेडच्या लोकांनाही बोलावलं होतं. चीफ कॉकपिटमध्ये, मी आणि भाई त्याच्या मागे. पंप सुरू केला आणि इंधनाच्या टाक्यांचे काटे नाचायला लागले. भरलेली टाकी रिकामी दाखवायची, रिकामी भरलेली. रेडिओवर खरखर. पंप बंद केला की सगळं शांत. पंपांना वीज नेणाऱ्या जाड तारा आणि काट्यांच्या बारीक तारा एकाच वाटेने नेल्या होत्या. दुसरी वाटच उरली नव्हती, कारण वाटेत टाक्या होत्या. जाड तारेतली वीज बारीक तारेत लुडबुड करत होती. चीफला याची भीती आधीपासून होती, त्याने बैठकीत सांगितलंही होतं म्हणे, पण वेगळी वाट काढायची तर विमानाच्या फासळ्यांना नवी भोकं पाडावी लागणार आणि त्याची परवानगी विमान बनवणाऱ्यांकडून यायला महिनोन् महिने लागणार, म्हणून तसंच पुढे ढकललं होतं. आता ती परवानगी मागवली. आणि आम्ही अर्ध्या तारा काढायला घेतल्या.

बांधण्यापेक्षा काढणं जड जातं. बांधताना हात पुढे चाललेला असतो. काढताना आपलीच गाठ आपल्याच कात्रीने कापायची, आणि ती किती चांगली बसली होती ते तेव्हाच कळतं. माझा उजवा अंगठा सुजायचा. मान वळली की कटकन आवाज यायचा. घरी आले की नवरा बाम चोळून द्यायचा. तोही दिवसभर वाफेच्या इस्त्रीपुढे उभा राहून आलेला असायचा, त्याच्या शर्टाला खळीचा वास. एकदा त्याने चोळता चोळता विचारलं, "सोडून का देत नाहीस?" मी म्हटलं, "आता होतच आलंय." हे वाक्य मी तेव्हा किती वेळा बोलले असेन. सगळेच बोलायचे.

नवं शतक लागलं. कंपनीचे मालक, आमचे अर्बाब, अधूनमधून यायचे. पांढरा स्वच्छ डिशडाशा, म्हणजे पायघोळ अरबी झगा, हातात छडी. सगळ्यांना हलवा द्यायचे, काहवा म्हणजे अरबी कॉफी पाजायचे, मजुरांचीही विचारपूस करायचे. माणूस वाईट नव्हता. पण ज्यांच्यासाठी काम होतं ते त्यांच्या मागे लागलेले असायचे, आणि ते चीफच्या, आणि चीफ आमच्या. "यल्ला, यल्ला, पुढच्या महिन्यात उडालं पाहिजे," अर्बाब म्हणायचे. चीफ म्हणायचा, "इन्शाल्ला." इंग्लिश माणसाच्या तोंडून तो शब्द ऐकला की भाई हळूच हसायचे.

त्याच सुमाराला भाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. त्यांची तिन्ही मुलं जन्मली तेव्हा ते इथेच होते, एकाच्याही वेळी घरी नव्हते. या लग्नाला मात्र जायचंच. रजा मंजूर झाली. तिकीट काढलं. मग भोकांची परवानगी आली आणि विमान लवकर उडवायचं ठरलं, म्हणून रजा पुढे ढकलली. मुलाकडच्यांनी समजून घेतलं, तारीख बदलली. विमान काही वेळेवर उडालं नाही आणि रजा परत अडकली. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असायचे, तेव्हाची तीच पद्धत होती. भाई अर्बाबांना भेटून आले आणि आपल्या स्टुलावर बसून राहिले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"बोलले, इन्शाल्ला." मग म्हणाले, "तेंचा इन्शाल्ला आणि आपला इन्शाल्ला येगळा असतो भाभी."

मी जेवायच्या सुट्टीत चीफला गाठलं. इतकी इंग्रजी मी कधी एका दमात बोलले नव्हते. म्हटलं, "सर, हा माणूस मुलीच्या लग्नाला गेला नाही तर विमान उडून काय उपयोग?" वाक्य बरोबर होतं की नाही माहीत नाही. त्याने सँडविच बाजूला ठेवलं आणि गाडी काढून थेट ऑफिसला गेला. तिथे काय बोलणं झालं मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पासपोर्ट आणून भाईंच्या हातात दिला.

भाई जाताना मला त्यांची कात्री देऊन गेले, पुढच्या बाजूला वाकडी, आखूड पात्यांची. "परत आलो की घेईन," म्हणाले. महिनाभराने त्यांचा ऑफिसात फोन आला. मला बोलावलं. ते म्हणाले, "भाभी, लगीन चांगला झाला. मी काय आता येत नाय." मी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" ते म्हणाले, "बरी हाय. म्हणून तर येत नाय." मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. फोनवर फार बोलता आलं नाही, क्लार्क बाजूलाच उभा होता.

त्यांच्या जागी मला नेमलं. शेडमधल्या बायका मला दीदी म्हणायच्या, त्या आता मॅडम म्हणायला लागल्या. मला ते नको होतं, पण सांगत बसायलाही त्राण नव्हतं. दुपारी भाईंच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं की दिवसभर आपण मराठीत एक शब्द बोललो नाही हे लक्षात यायचं.

विमान शेवटी उडालं. पहिल्या काही फेऱ्यांत नुसतं उडून आलं. मग एक दिवस समुद्रावर नेऊन नळी सोडून पाहायची होती, मागे एक लढाऊ विमान जाणार होतं. आम्ही हँगरच्या दारात उभे होतो, सावली जिथवर होती तिथवर. विमान परत आलं तेव्हा उजव्या पंखाखालची नळी पूर्ण आत गेली नव्हती, तुटलेलं टोक लोंबत होतं. टोपली नव्हती. ती समुद्रात पडली होती. पंखामागून वाहणारी हवा इतकी वळसे घेणारी निघाली की नळी चाबकासारखी हलायला लागली, आणि लढाऊ विमान जवळ येताच टोपली त्याच्या नाकावर आपटून निखळली. त्या पायलटची काच तडकली होती. माणूस सुखरूप उतरला. चीफ पंखाखाली उभा राहून त्या टोकाकडे बघत राहिला. बाकीचे सगळे मोठमोठ्याने बोलत होते. मी त्याला पाण्याची बाटली नेऊन दिली. त्याने ती उघडली नाही.

"प्रवासी विमानाचा पंख," तो हळू म्हणाला, "तो मागे काय सोडतो याची कोणाला पर्वा नसते. त्याच्या मागे कोणी येतच नाही."

मी विचारलं, "आता?"

"आता पॉड पंखाच्या टोकाकडे सरकवायचे. आणि ते दुसऱ्या कंपनीचे."

मला पुढचं विचारायची गरज नव्हती. दुसऱ्या कंपनीचे पॉड म्हणजे दुसरे प्लग. जागा सरकली म्हणजे लांबी वेगळी. कॉकपिटपासून पंखापर्यंतच्या सगळ्या तारा परत नव्याने. शेडमध्ये जाऊन मी बायकांना सांगितलं. श्रीलंकेची एक बाई डोकं टेबलावर टेकून तशीच पडून राहिली. मी तिला उठवलं नाही. बस यायला वेळ होता.

तारांची ती पुन्हाची बांधणी कशी झाली ते मला नीट आठवत नाही. मधले दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. घरी मी जेवण अर्धवट टाकून झोपायचे. मुलीचा अभ्यास नवरा घ्यायचा; त्याचं इंग्रजी कच्चं, तिचं मराठी कच्चं, दोघांची भांडणं व्हायची. एका शुक्रवारी चर्चमध्ये मी बसल्या जागी झोपले आणि प्रवचन संपल्यावर मुलीने कोपराने ढोसलं. "ममी, सगळा लोक उभा राहिला," ती कुजबुजली. मी उभी राहिले. शेजारची बाई माझ्याकडे बघून हसली. मीही हसले.

आणि मग ते जमलं. नळी सरळ राहिली, लढाऊ विमानाने चोच टोपलीत घातली आणि इंधन गेलं. त्याचा व्हिडिओ चीफने आम्हाला शेडमध्ये टीव्ही आणून दाखवला. करडं आकाश, मध्ये काळी रेघ, रेघेच्या टोकाला पांढरं फूल, आणि मागून हळूहळू, बिचकत आल्यासारखं, ते छोटं विमान. टोपली थोडी डावीकडे गेली, विमान थांबलं, परत आलं. बसली. शेडमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. अर्बाबांनी पातेलंभर हलवा पाठवला होता. मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही. मी त्या चित्रात पंखाच्या आतून जाणारी आमची तार कुठे असेल ते शोधत होते, ती दिसणं शक्यच नव्हतं.

पुढे आणखी बऱ्याच चाचण्या बाकी होत्या. त्यांतल्या दोन-चार झाल्या. टँकर करायला म्हणून दुसरं विमानही येऊन उभं राहिलं होतं, त्याच्या आतल्या खुर्च्या काढायला सुरुवात झाली होती. मोजायला म्हणून मी त्यात शिरले तर ते पहिल्यापेक्षा वेगळं. एकाच जातीची, एकाच वर्षाच्या आसपासची विमानं, आणि एकाची दोरी दुसऱ्याला लागेना. मी बाहेर येऊन चीफला सांगितलं. तो जिन्याच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, "राहू दे आता."

"उद्या करू?"

"नाही. राहूच दे. हवाई दलवाले तयार टँकर विकत घेणार आहेत. कारखान्यातूनच टँकर म्हणून निघालेले. काल कळलं."

मी त्याच्या खालच्या पायरीवर बसले. गुडघ्यांवर धूळ होती, ती झटकली. मग विचारलं, "आपल्या कामात काही खोट होती का?"

"नव्हती. उशीर होता," तो म्हणाला. "पण आपण उशीर केला नाही. कोणी केला ते मला विचारशील तर मलाही सांगता येणार नाही."

शेड बंद व्हायला फार दिवस लागले नाहीत. अर्बाबांनी कोणाला वाऱ्यावर सोडलं नाही, हे खरं सांगायला हवं. बऱ्याच जणींना परतीची तिकिटं मिळाली, काहींना दुसरीकडे काम. त्यांच्या ओळखीच्या एका कारखान्यात, रुसैललाच, एसीचे पॅनेल बनायचे. मला तिथे घेतलं. तिथल्या तारा आखूड असतात, सगळ्या एकसारख्या. सकाळी जे ड्रॉइंग असतं तेच संध्याकाळी असतं. पहिल्या आठवड्यात मला ते इतकं हलकं वाटलं की मी वेळेआधी काम संपवून बसायचे आणि सुपरवायझरला वाटायचं, बाई आळशी आहे.

चीफ त्यानंतर मला एकदाच भेटला, अल मवालेहच्या भाजी मार्केटमध्ये. आम्ही जवळच राहायचो, आठवड्याची भाजी तिथूनच न्यायचो. तो कलिंगडं थापटून बघत होता. बाजूला त्याची बायको, तिला मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याने तिला माझी ओळख करून दिली, नावाने नाही, कामाने: ही पंखातल्या तारांची बाई. ती म्हणाली, "म्हणजे तू पण त्या विमानापायी दमलेल्यांतलीच." मी हो म्हटलं. ते पुढच्या महिन्यात कायमचे परत जाणार होते.

मी विमानाचं विचारलं. तो म्हणाला, एका माल वाहणाऱ्या कंपनीने विचारपूस केली आहे, पण त्यांना टाक्या नकोत, टाक्या काढायला खर्च येतो, म्हणून बोलणी अडलीत. दुसऱ्याला कोणी विचारलंही नाही. दोन्ही कुंपणाशी उभी आहेत, इंजिनांवर ताडपत्री बांधून.

"तुला वाईट वाटतं?" त्याने विचारलं.

मी खरंच विचार केला. म्हटलं, "सर, माझी अजून झोपच पुरी झालेली नाही. ती झाली की बघेन वाईट वाटतं का."

तो इतका मोठ्याने हसला की कलिंगडवाला वळून बघायला लागला. त्याची बायको हसली नाही. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिने एक कलिंगड निवडून माझ्या पिशवीत घातलं, मी नको नको म्हणत असताना. पार्किंगमधून नवऱ्याने हॉर्न वाजवला. त्याची दुपारची शिफ्ट होती. मी दोघांचा निरोप घेतला आणि उजव्या हाताने पिशवी उचलून गाडीकडे निघाले. उजव्या अंगठ्यावर वजन पडलं की अजून कळ यायची, म्हणून वाटेत एकदा पिशवी खाली ठेवली, हात बदलला, आणि परत उचलली.